अ‍ॅक्सोलॉटल पाळायचा? आधी गारव्याची सोय करा

शोभेचे मासे पाळण्याची हौस मुंबईकरांना नवी नाही. मात्र गोल्डफिश, गप्पी आणि फायटर यांच्या पंक्तीत आता अ‍ॅक्सोलॉटल हे नवे नाव ऐकू येऊ लागले आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, चार इवले पाय आणि सतत हसत असल्याचा भास देणारे रुंद तोंड, असे त्याचे रूप. २०२१ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळात त्याचा समावेश झाला आणि बालगोपाळांत तो चांगलाच लोकप्रिय झाला. पण मरोळ-अंधेरीसारख्या दमट, उष्ण भागात त्याला घरी आणण्यापूर्वी त्याच्या गरजा समजून घेणे अत्यावश्यक आहे.

मासा नव्हे, उभयचर

‘चालणारा मासा’ म्हणून ओळखला जात असला तरी अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर कुळातील, म्हणजेच बेडकाप्रमाणे उभयचर वर्गातील प्राणी आहे. सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ आढळतात. शेपटीचे उभयचर मात्र महाराष्ट्रात नाहीत. अ‍ॅक्सोलॉटलचे वैशिष्ट्य असे की, प्रौढ झाल्यावरही त्याचे कल्ले जात नाहीत आणि तो आयुष्यभर पाण्यातच राहतो. त्याची लांबी सुमारे २३ ते ३० सेंटिमीटर भरते आणि योग्य निगा राखल्यास तो १० ते १५ वर्षे जगतो.

त्याचे मूळ घर मेक्सिको सिटीजवळील सोचिमिल्कोचे कालवे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाई शिखराहूनही जवळपास सहाशे मीटर उंच आहेत. तेथील पाणी थंड असते. मुंबईत हा प्राणी पाळण्यातील खरी अडचण हीच आहे.

पंखा पुरेसा नाही

अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी मानवते. ते २० अंशांच्या वर फार काळ राहू नये. २४ अंशांच्या पुढे तो अन्न टाकतो, त्याला बुरशीचा संसर्ग होतो आणि तो दगावूही शकतो. मुंबईच्या उपनगरांत मे महिन्यात रात्रीचे तापमानही २७ अंशांच्या आसपास असते. साहजिकच घरातील टाकीचे पाणी आपोआप गार होण्याची शक्यता नसते.

पाण्यावर पंखा लावण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. परंतु पंख्यामुळे पाणी गार होते ते बाष्पीभवनाने. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते आणि तापमान जेमतेम दोन-तीन अंशांनी उतरते. त्यामुळे येथे पाणी थंड करणाऱ्या चिलरला पर्याय नाही. खोलीच्या तापमानापेक्षा पाणी किमान १२ ते १४ अंशांनी थंड ठेवण्याची त्याची क्षमता आहे काय, हे विकत घेतानाच विचारावे. चिलर स्वतः उष्ण हवा बाहेर टाकतो. म्हणून तो बंदिस्त कपाटात ठेवू नये. वीज गेल्यास बर्फाने गोठलेल्या बंद बाटल्या टाकीत सोडता येतात. पण तो तात्पुरताच उपाय होय.

टाकी कशी असावी?

एका प्रौढ प्राण्यासाठी तीन फूट लांबीची, रुंद तळाची टाकी घ्यावी. तीत सुमारे दीडशे लिटर पाणी मावते. केवळ पाण्याचेच वजन दीडशे किलो होत असल्याने भक्कम स्टँड हवा. तळाला खडे घालू नयेत. अन्नासोबत ते गिळले जाऊन आतड्यात अडकतात. तळ मोकळा ठेवावा किंवा अतिशय बारीक वाळू पसरावी. पापण्या नसल्याने त्याला प्रखर उजेड सोसत नाही. लपण्यासाठी मातीची कुंडी किंवा गुळगुळीत पाइप ठेवावा. प्रवाह संथ राखणारा स्पंज फिल्टर उत्तम. वर झाकण आवश्यक.

पालिकेच्या नळाच्या पाण्यातील क्लोरिन त्याच्या नाजूक त्वचेला आणि कल्ल्यांना घातक असते. ते काढून टाकणारे द्रावण वापरावे. टँकर किंवा बोअरवेलचे पाणी असल्यास त्याची आधी तपासणी करावी.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, टाकी आणि प्राणी एकाच दिवशी आणू नयेत. विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढण्यास चार ते आठ आठवडे लागतात. या काळात टाकीत थोडा अमोनिया घालून जिवाणूंना खाद्य पुरवावे लागते. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच प्राणी आणावा. पुढे दर आठवड्याला काही पाणी बदलावे.

गांडुळे हे त्याचे उत्तम अन्न. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा खाऊ घालणे पुरते. माशांसोबत त्याला ठेवू नये. मोठे मासे त्याचे कल्ले कुरतडतात, तर छोट्यांना तो गिळतो.

नोंदणी विसरू नका

पाळीव अ‍ॅक्सोलॉटल जगभर असले तरी निसर्गात तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. सोचिमिल्कोमध्ये १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये ही संख्या ३५च्या आसपास उरली. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ करारान्वये नियंत्रण आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ची सुधारणा आणि फेब्रुवारी २०२४ मधील नियमांनुसार अशा विदेशी प्राण्याची नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. हस्तांतरण, जन्म आणि मृत्यूही कळवावा लागतो. त्यामुळे विक्रेत्याकडून कागदपत्रे घेतल्याशिवाय खरेदी करू नये. नको झाला म्हणून तो पवई तलावात किंवा मिठी नदीत सोडणे तर सर्वथा अयोग्य. तो बहुधा उष्णतेने मरेल आणि त्याच्यासोबतचे रोग स्थानिक बेडकांना लागतील ते वेगळेच.

टाकीपेक्षा चिलर महाग आणि वीजबिल बारमाही, हे गणित ज्यांना परवडते त्यांनीच या पाहुण्याला घरी आणावे. इतरांसाठी गप्पी, मोली, फायटर आहेतच. क्लोरिन काढलेल्या मुंबईच्या पाण्याचे तापमान त्यांना मानवते.