टोचतं म्हणजे टोचतंच

मराठीत स्पर्शासाठी किती शब्द आहेत, हे कधी मोजून पाहिलंय का तुम्ही? तलम, मुलायम, मऊसूत, लुसलुशीत, गुळगुळीत ही एक रांग. खरखरीत, राठ, भरड, खडबडीत ही दुसरी. आणि बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, चिकट, ओशट ही तिसरी. या तिसऱ्या रांगेतले शब्द नुसते उच्चारले तरी काही जण नाक मुरडतात. आपल्या व्याकरणानं तर ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या २५ व्यंजनांना ‘स्पर्श व्यंजनं’ असंच नाव दिलं आहे, कारण ती उच्चारताना तोंडात कुठे ना कुठे स्पर्श होतो. कविता लिहिणाऱ्या बाईला याचं अप्रूप वाटणारच. पण आज मला बोलायचं आहे ते ज्यांच्या अंगाला हे शब्द खरोखरच लागतात, त्या माणसांबद्दल. मी त्यांच्यातलीच एक आहे.

माझी यादी सांगते. कडक खळीचा कपडा, मानेमागचं लेबल, जरीची उलटी बाजू, लोकरीचा स्वेटर, हातावर सुकत आलेल्या मेंदीचा ताण, चिरलेल्या भेंडीची तार, बोटांना चिकटलेली कणीक आणि मागून येऊन कुणी पाठीवरून हलकेच फिरवलेला हात. तुम्ही म्हणाल, यातलं काही ना काही प्रत्येकालाच नकोसं वाटतं. खरं आहे. पण ‘आवडत नाही’ आणि ‘सोसत नाही’ यांत फरक आहे. कारलं न आवडणारा माणूस कारलं ताटाच्या कडेला सारतो आणि गप्पांत रमतो. मला लेबल टोचत असलं, की समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही. अंगावर शहारे येतात, दात शिवशिवतात, विनाकारण चिडचिड होते. संध्याकाळपर्यंत माणूस थकून जातो, आणि थकायला झालं काय, ते कुणाला सांगताही येत नाही.

आमच्या घरी दखनी बोलतात. माझ्या लहानपणी या सगळ्याला घरात एकच शब्द होता, ‘नखरे’. शाळेत थंडीच्या दिवसांत स्वेटर सक्तीचा असे. मी तो काढून दप्तरात कोंबायची आणि त्यासाठी तासभर बाकावर उभी राहायची. बाकावर उभं राहणं मला सोपं वाटे. ईदच्या जरीच्या जोड्याची तीच तऱ्हा. अम्मीनं त्यावर एक तोड काढली. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीच्या ओढणीचं अस्तर तिनं कमीजला आतून लावून दिलं. मेंदूचं शास्त्र तिला ठाऊक नव्हतं. मुलगी टोचतं म्हणते म्हणजे टोचतच असणार, एवढंच तिनं धरलं.

आता ते शास्त्र थोडं समजून घेऊ. आपल्या त्वचेत स्पर्श टिपणारी निरनिराळी सूक्ष्म यंत्रं आहेत. एका जातीला हलकासा स्पर्श कळतो, दुसरीला वस्तूच्या कडा आणि पोत कळतो, तिसरीला थरथर, तर चौथीला कातडीचा ताण. बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर त्यांची दाटी असते, पाठीवर ती विरळ असतात. दाब पडला, की मज्जातंतूत संदेश कसा उमटतो, हे कोडं मात्र फार वर्षं सुटलं नव्हतं. २०१० मध्ये अमेरिकेत आर्डेम पॅटापुटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाला प्रतिसाद देणारी प्रथिनं शोधून काढली. त्यांना ‘पीझो’ असं नाव आहे. त्याआधी १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढत काढत उष्णता ओळखणारं प्रथिन शोधलं होतं. या दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ठेचा खाऊन ‘तोंड भाजलं’ असं आपण म्हणतो, ते मज्जातंतूंच्या हिशेबानं अगदी बरोबर आहे. तिखट ही चव नव्हेच, ती भाजल्याची जाणीव आहे.

संदेश मेंदूकडे निघाला, की खरी गंमत सुरू होते. सकाळी तुम्ही मनगटावर घड्याळ बांधता. क्षणभर पट्टा जाणवतो आणि मग दिवसभर त्याची आठवणही राहत नाही. त्वचेतली यंत्रं स्थिर दाबाला सरावतात आणि मेंदूही ‘ही बातमी जुनी झाली’ म्हणून ती बाजूला ठेवतो. कपडे, चष्मा, चपला यांच्या बातम्या अशा मागे पडतात म्हणून आपल्याला कामं सुचतात. काही माणसांत हे बाजूला ठेवणं नीट होत नाही. त्यांच्यासाठी दुपारी ३ वाजताचं लेबल सकाळी ९ च्या लेबलाइतकंच ताजं असतं. स्वमग्न मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा काढून झालेल्या अभ्यासांतही हे दिसलं आहे. त्रासदायक स्पर्शाला त्यांतल्या काही मुलांचा मेंदू जोरात प्रतिसाद देतो आणि तो प्रतिसाद लवकर ओसरत नाही.

याला पहिल्यांदा नीट नाव दिलं ते कॅलिफोर्नियातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी. १९६४ मध्ये त्यांनी स्पर्शापासून सतत बचावाच्या पवित्र्यात असलेल्या मुलांबद्दल लिहिलं आणि १९७२ मध्ये या विषयावर पुस्तक काढलं. हलका स्पर्श अशा मुलाला धोक्याच्या इशाऱ्यासारखा वाटतो आणि घट्ट, स्थिर दाब मात्र त्याला शांत करतो, असं निरीक्षण पुढे अनेकांनी नोंदवलं. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न शास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या वाड्यावर पाहिलं, की लस टोचण्यासाठी दोन फळ्यांमध्ये धरलेलं बिथरलेलं वासरू दाबानं निवांत होतं. त्यांनी स्वतःसाठी तसंच एक यंत्र बनवलं. माणसाची मिठी त्यांना सोसवत नसे, पण यंत्राचा दाब हवा तेव्हा घेता येई आणि हवा तेव्हा थांबवता येई.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्पर्शाची अतिसंवेदनशीलता हा स्वतंत्र आजार म्हणून वैद्यकशास्त्रानं मान्य केलेला नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत ती स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक म्हणून आली आहे. पण स्पर्श सोसत नाही म्हणजे स्वमग्नता असलीच पाहिजे असं नाही. अनेक जण, माझ्यासारखे, नोकरी, संसार, मुलंबाळं सगळं करतात आणि लेबलं कापत राहतात. ज्यांना स्वमग्नता आहे त्यांच्यासाठी मात्र आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे.

व्यवसायोपचाराचं नाव निघालं म्हणून एक मराठी घर आठवतं. न्यूजर्सीत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. आज आपल्याकडे एखादं मूल वाळूत हात घालायला, रंगात बोट बुडवायला हळूहळू शिकतं, त्या कामाची पहिली वीट या बाईंनी ठेवलेली आहे.

आणि आमच्या शहराचं काय? औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. हे गाव कापडाचं. हिमरूची शाल तुम्हाला माहीत असते, पण तिचं एक भावंड आहे, मशरू. मशरू म्हणजे शरीअतनं मुभा दिलेलं. इस्लाममध्ये पुरुषांना निव्वळ रेशीम अंगाला लावायची मनाई. विणकरांनी त्यातून वाट काढली. ताणा रेशमाचा घेतला, बाणा सुताचा आणि वीण अशी बसवली, की रेशीम वर चमकावं आणि अंगाकडच्या बाजूला सूत यावं. कारण धर्माचं होतं, पण मला त्यात आणखी एक शहाणपण दिसतं. कपड्याला दोन बाजू असतात, एक बघणाऱ्याची आणि एक नेसणाऱ्याची. आता दुकानात आपण सगळे पहिलीच बाजू पाहून पैसे मोजतो. मशरू विणणाऱ्यानं दुसऱ्या बाजूचाही विचार केला होता. अम्मीनं ओढणीचं अस्तर लावलं, तेव्हा तीही तेच करत होती.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. आपल्या देशात स्पर्श टाळणं ही साधी गोष्ट नाही. या शहरापासून पंधरा-एक किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हा वाटेत ते तिथे थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या काही जणांनी त्या पाण्यानं तोंड-पाय धुतले. पाणी बाटवलं म्हणून एक म्हातारा मुसलमान आरडाओरडा करत धावून आला आणि बघता बघता गर्दी जमली. शेवटी कुठेही पाण्याला शिवायचं नाही अशा अटीवर, हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना आत सोडलं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. ओरडणारा माझ्या धर्माचा होता, आणि ज्या धर्मात शिवाशीव नाही असं आम्ही अभिमानानं सांगतो त्याच धर्माचा होता. हे मी वगळून बोलू शकत नाही.

अशा मातीत कुणी हात मागे घेतला, की समोरच्याच्या मनात पहिली शंका कोणती येणार? त्याला दोष देता येत नाही. म्हणून आमच्यासारख्यांवर जबाबदारी जास्त आहे. आम्ही तोंडानं सांगायला हवं, की हे त्वचेचं आहे, मनाचं नाही. माझी कातडी कुणाची जात विचारत नाही. तिला सख्ख्या बहिणीची बोटंही तशीच लागतात, आणि मी कुणाच्याही घरचं पाणी पिते, कुणाच्याही ताटात जेवते. अस्पृश्यतेत माणूस नाकारला जातो. इथे फक्त एक पोत, एक दाब नकोसा असतो, माणूस हवाच असतो. ईदच्या गळाभेटीला मी घट्ट मिठी मारते, ती मला चालते, बरीही वाटते. अर्धवट, भुरभुरता हात तेवढा नको. ज्यांना मिठीही नको, त्यांच्यासाठी छातीवर हात ठेवून केलेला सलाम आहे, नमस्कार आहे. दोन्हीत आदर तसूभरही कमी नाही.

आई-बाबांसाठी काही साध्या गोष्टी सांगते. नवा कपडा दोन-तीनदा धुऊन मगच घाला. लेबल शिवणीपासून उसवा, अर्धवट कापलेलं टोक जास्त टोचतं. मोजे उलटे घातले तर शिवण बाहेर राहते. नखं आंघोळीनंतर कापा, तेव्हा ती मऊ असतात. केस कापण्याआधी डोक्यावर दोन्ही हातांनी थोडा दाब द्या. मुलाला जवळ घेण्याआधी समोरून या आणि सांगून घ्या. जेवणात भेंडी किंवा शेवया तोंडात कोंबू नका. ताटाशेजारी असू द्या, चमच्यानं हलवू द्या, वास घेऊ द्या. जड पांघरुणं हल्ली विकत मिळतात. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या स्वमग्न मुलांवर त्यांचा प्रयोग झाला. झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ती पांघरुणं आवडली. आपल्याकडे जुन्या सुती लुगड्यांची गोधडी आहेच, जड आणि मऊ. फक्त तान्ह्या बाळावर तसलं ओझं घालू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? खाज, पुरळ असेल तर आधी त्वचा तपासून घ्या. मोठेपणी अचानक साधा कपडाही झोंबू लागला, तर ते वेगळं असतं. नागीण होऊन गेल्यावर किंवा मधुमेहात मज्जातंतू दुखावले, की असं होतं आणि त्यावर औषधं आहेत. मूल बोलत नसेल, नजर देत नसेल, खाणं दोन-तीन पदार्थांवर आलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, वाट पाहू नका. व्यवसायोपचारानं काही मुलांना चांगला फायदा होतो. त्याचे पुरावे अजून सारखे नाहीत, म्हणून हमखास बरं करून देतो म्हणणाऱ्यापासून जरा जपून.

आणि हे सगळं करण्याआधी एक करा. लेकरू ‘टोचतंय’ म्हणालं, तर कपड्याची उलटी बाजू आपल्या गालाला लावून पाहा. कदाचित तुम्हाला काहीच लागणार नाही. तरी त्याचं खरं माना. दुसऱ्याच्या कातडीत शिरून पाहायची सोय अजून कुणाला मिळालेली नाही, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून आपल्यापाशी दुसरं साधन नाही.