देवावर भरवसा, औषधावरही

पाऊस दगा देतो, हातातोंडाशी आलेली कपाशी जाते, घरातले कर्ते माणूस अचानक निघून जाते. मग दवाखान्यात पेशंट येतात ते छातीत धडधड, डोके जड, पोटात आग, झोप नाही अशा तक्रारी घेऊन. तपासावे तर नाडी जलद, रक्तदाब थोडा चढलेला, बाकी फारसे काही सापडत नाही. वालूरसारख्या गावात मनाचे दुखणे बहुधा शरीराच्याच नावाने सांगितले जाते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर अशा तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या.

निघताना बहुतेक जण म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आता देवावर हवाला." या बोलण्याला मी कधी हसत नाही. त्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे.

संकट आले की मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडतात. नाडी वाढते, अंग ताठते, झोप उडते. संकट टळले की हे सारे ओसरते. पण कर्जाची किंवा आजारपणाची काळजी रोजचीच असेल तर शरीराला उसंत मिळत नाही. अशा वेळी 'सगळा भार माझ्या एकट्यावर नाही' हा भाव मनात बसला तर मन थाऱ्यावर येते.

इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाच्या गतीला चांगली लय आली. हा अभ्यास २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. तेव्हा हरिपाठ असो, तसबीह असो की बुद्धवंदना, सावकाश, दमाने म्हणावी. शिवाय भजनाला गेले की चार माणसे भेटतात. दुःखात एकटेपणा फार वाईट.

मात्र भरवसा म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी देहूचे मोडकळीला आलेले विठ्ठल मंदिर दुरुस्त केले आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. विठ्ठलावर भार टाकणारा माणूस हात जोडून बसून राहिला नाही. आमच्या वालूरची जुनी बारवही नुसत्या नमस्काराने मोकळी झाली नाही, गावकऱ्यांनी गाळ उपसला तेव्हा झाली.

म्हणून वाचकहो, काही गोष्टी ध्यानात ठेवा.

नवस जरूर बोला, पण रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी एकाएकी सोडणे तर जिवावर बेतू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे.

उदासी, झोप व भूक उडणे, कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. 'तुझी श्रद्धा कमी पडली' असे त्या माणसाला म्हणू नका. तो आधीच स्वतःला दोष देत असतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. हा आजार उपचाराने बरा होतो.

कुणी 'आता जगून काय करू' म्हणाले तर विषय टाळू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही बोलता येते.

देवघरात दिवा लावावा आणि गोळीही वेळेवर घ्यावी. दोन्हींचे एकमेकांशी वैर नाही.