वाळवंटांतील चातक

घरचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झाल्यामुळें उन्हाळ्यांत तिकडे जाण्याचे प्रसंग हल्लीं अनेक कुटुंबांस येतात. अॅरिझोना संस्थानांत गेलेला पाहुणा ग्रँड कॅन्यनची प्रचंड दरी पाहतो आणि परततो. परंतु त्याच संस्थानाच्या आग्नेय कोपऱ्यांत, मेक्सिकोच्या सीमेलगत, वाळवंट आणि लहान लहान दऱ्या यांचा जो मुलूख आहे, तोही पक्ष्यांची आवड असणाऱ्यानें अवश्य पाहावा.

जुलै-ऑगस्टमध्यें वाळवंटांत जावें, असें म्हटल्यास कोणासही नवल वाटेल. कारण टूसॉन शहराभोवतीं त्या दिवसांत पारा ४० अंशांवर जातो. परंतु ह्याच सुमारास तेथें पाऊस येतो, आणि तेथील लोकही त्यास ‘मान्सून’च म्हणतात! जुलैच्या आरंभापासून दुपारीं डोंगरांवर ढग जमूं लागतात, विजा चमकतात आणि कोरड्या ओढ्यांना घटकाभरांत पूर येतो. आपल्याकडे सुगरण पक्षी पावसाळा पाहून घरटें विणूं लागतो. तेथील कांहीं चिमण्याही पावसाच्या सुमारासच विणीस लागतात.

पहाटे सूर्योदयापूर्वीं निघून साग्वारो राष्ट्रीय उद्यान गांठावें. साग्वारो हें उंच खांबासारखें निवडुंग दीडशें वर्षांहून अधिक जगतें. हिला नांवाचा सुतारपक्षी त्याच्या खोडांत ढोली कोरतो, आणि जखमेवर खपली धरावी त्याप्रमाणें आंतील भिंत कठीण झाल्यावरच तींत राहावयास जातो. तो सोडून गेला कीं तेथें एक चिमुकलें घुबड बिऱ्हाड करतें. त्याची लांबी चिमणीएवढी व वजन अवघें ४० ग्रॅमच्या आसपास! पावसाच्या तोंडावर साग्वारोचीं लाल फळें पिकतात. पांढऱ्या पंखांचीं कबुतरें तीं खातात, आणि तेथील मूळचे रहिवासी तोहोनो ओओधाम लोक त्यांचें मद्य करून पाऊस मागण्याचा विधि करतात.

ऊन चढलें कीं डोंगर जवळ करावा. टूसॉनच्या दक्षिणेस सांता रीटा पर्वतांत मडेरा नांवाची दरी आहे. वाळवंटांतून वर चढतांच ओक आणि सिकॅमोर वृक्षांची सांवली लागते. येथें मेक्सिकोकडून विणीसाठीं ट्रोगन येतो: हिरवी पाठ, लाल पोट, आणि फांदीवर ध्यानस्थ बसण्याची रीत. गोव्याच्या घनदाट वनांत ज्यांनीं कर्णा पक्षी पाहिला असेल, त्यांस तो ओळखीचाच वाटेल; दोघे सगोत्रच आहेत. फुलांवर एका जागीं तरंगणारे हमिंगबर्ड मात्र आपल्याकडे मुळींच नाहींत. ह्या भागांत त्यांच्या सुमारें १५ जाती दिसतात.

प्रवासाचा शेवट सॅन पेद्रो नदीवर करावा. मेक्सिकोंत उगम पावून उत्तरेकडे वाहणाऱ्या ह्या नदीचा सुमारें ४० मैलांचा पट्टा १९८८ सालीं संरक्षित झाला. काठच्या कॉटनवुड वृक्षांत १०० हून अधिक जातींचे पक्षी घरटीं करतात, आणि आणखी सुमारें २५० जाती प्रवासांत अथवा हिंवाळ्यांत येथें आसरा घेतात. त्यांत एक पिवळ्या चोचीचा कोकीळ आहे. तो दक्षिण अमेरिकेंतून उशिरां येतो आणि पावसाळ्यांत वीण करतो. तिकडील खेड्यांत त्यास ‘पावसाचा कावळा’ असें नांव आहे. आपला चातकही कोकिळाच्याच कुळांतला आणि पावसाबरोबर येणारा. परंतु चातक आपलें अंडें सातभाईच्या घरट्यांत टाकतो, तर हा बहुधा स्वतः संसार मांडतो. अंडें घातल्यापासून सुमारें १७ दिवसांतच पिल्लूं घरट्याबाहेर पडतें. तेवढ्या काळांत त्याला भरवायला सुरवंटांची रेलचेल लागते, आणि सुरवंटांना दाट पालवी.

ही पालवी केवळ आभाळाच्या पाण्यावर टिकत नाहीं. कॉटनवुडचीं मुळें नदीकाठच्या उथळ भूजलावर जगतात, आणि त्याच पाण्याचा शेजारच्या वस्त्यांसाठीं पंपांनीं उपसा चालतो. टूसॉनची सांता क्रूझ नदी अशाच उपशामुळें विसाव्या शतकांत कोरडी पडली. पश्चिमेकडील नद्यांच्या काठचीं रानें गेलीं, तसा हा कोकीळही विरळ झाला, आणि २०१४ सालीं सरकारनें पश्चिम अमेरिकेंतील ह्या कोकिळास संकटग्रस्त म्हणून कायद्याचें संरक्षण दिलें. सॅन पेद्रोजवळच्या सिएरा व्हिस्टा शहरानें सांडपाणी शुद्ध करून जमिनींत मुरविण्याची व्यवस्था केली आहे. परंतु उपसा चालूच आहे.

विहीर आटली म्हणून बोअर आणखी खोल नेणाऱ्या आपल्या गांवांस ही कथा परकी वाटणार नाहीं. म्हणून अॅरिझोनाला जाणाऱ्यानें ग्रँड कॅन्यन पाहून झाल्यावर दोन दिवस राखून ठेवावे, पाण्याचा मोठा सांठा बरोबर घ्यावा, आणि एका सकाळीं सॅन पेद्रोच्या काठीं निमूट बसून त्या कोकिळाची हांक ऐकावी.