वाळूवरून होडीत

लॉस एंजेलिसच्या 2028च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार म्हणून आपल्याकडे रकानेच्या रकाने भरले. त्याच यादीत समुद्रातल्या रोइंगचा ‘बीच स्प्रिंट’ हा प्रकारही पहिल्यांदा आलाय, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मुंबई-पुण्याचं सोडा, पण मालवण तालुक्यानं तरी ही बातमी हातची सोडायला नको होती.

खेळ असा: वाळूवरून धावत यायचं, दोघा साथीदारांनी पाण्यात धरून ठेवलेल्या होडीत उडी मारायची, बोयांना वळसे घालत 250 मीटर आत जायचं, होडी फिरवून तेवढंच अंतर सरळ परत यायचं आणि पुन्हा वाळूवर धावून बझर दाबायचा. तलावातल्या शर्यतीची एकट्याची होडी जेमतेम 14 किलोची, फूटभर रुंद. फुटत्या लाटेत तिचा निभाव लागत नाही. समुद्रातली त्याहून आखूड, रुंद आणि 35 किलोची असते, आत आलेलं पाणी मागून आपोआप निघून जातं. लाट कधी फुटणार, नाळ कुठे ठेवायची, होडी आडवी का पडू द्यायची नाही, हे रापणीच्या होडीवर वल्हं मारलेल्याला कोच लावून शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही नव्यानं शिकावी लागेल. हा हाताचा खेळ नाही. बैठक रुळावर सरकते, पाय फळीला रेटा देतात, तो जोर पाठीतून वल्ह्यात उतरतो आणि हात सगळ्यात शेवटी येतात. अंगातले जवळपास सगळे मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागत असल्यानं हृदय-फुप्फुसांचा कस निघतो, आणि धावताना गुडघ्यांना बसणारे हादरे इथे बसत नाहीत. ब्रिटनचा रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यानं मधुमेहाचं निदान झाल्यावर तीन वर्षांनी, 2000 साली, आपलं पाचवं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. चुकीच्या पद्धतीनं ओढणाऱ्याची कंबर मात्र धरते, हेही सांगायला हवं.

पण तब्येतीच्या गप्पांवर आमच्या कट्टा गावातल्या आईबापांचं समाधान होणार नाही. ‘ह्येचो उपयोग काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, कायम पाण्याची टंचाई असलेलं. विहिरी खणणारा, पेट्रोल पंपावर काम केलेला हा मुलगा 2012 साली सैन्यात गेला आणि पुण्यात पहिल्यांदा वल्ही हातात धरली, तीही पाण्याची भीती मनात असताना. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकला होता. सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. 2018च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्यानं चौघांच्या शर्यतीचं सुवर्ण जिंकलं. पुढे अर्जुन पुरस्कार. आणि आम्ही? कर्ली खाडी हाताशी, समोर अरबी समुद्र, तरी आमची पोरं पहाटे उठून पोलीस भरतीचे 1600 मीटर पळतात. पळू देत, वाईट काही नाही. फक्त सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के जागा असतात, हेही त्यांच्या कानावर घाला.

अडचण पाण्याची नाही, दृष्टीची आहे. आपल्याकडे ‘वॉटर स्पोर्ट्स’ म्हटलं की जेट स्की आणि बनाना राइड. म्हणजे मजा पाहुण्यांची आणि इंजिन चालवायला आमची पोरं. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कुबा आणि जलक्रीडेची संस्था उभी आहे. तिथे चार कोस्टल होड्या आणि एक बरा प्रशिक्षक आणणं काही आवाक्याबाहेरचं नाही. सुरुवात कर्लीच्या शांत पाण्यात करावी, देवबागच्या संगमावर नव्हे. तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दाद देत नाही. जून-जुलैत तर समुद्राचं नावच काढू नये.

2026च्या डाकार युवा ऑलिंपिकमध्येही हाच खेळ आहे, म्हणजे ही दारं शाळकरी वयातच उघडतात. पालकांनो, पोरांना आणि पोरींनाही आधी नीट पोहायला शिकवा. मग ओरोसला जाऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विचारा, आमच्या होड्या कधी येणार?