मार्गशीर्षातील वाकळ

महसुली वर्ष ३१ जुलैला संपते, खजिन्याचे ३१ मार्चला, पंचांगातले फाल्गुनी अमावास्येला आणि भिंतीवरल्या कॅलेंडरचे डिसेंबरअखेर; तहसील कचेरीत तीस वर्षे कारकुनी करताना या सगळ्या वर्षांचे गोषवारे मी लिहिले आणि त्यांच्या बाक्या पुढच्या पानावर ओढल्या, परंतु माझ्या घराचे वर्ष त्यांपैकी कोणत्याच तारखेस संपत नाही. ते संपते अंबाजोगाईला, मार्गशीर्षात, ओसरीवर वाकळ अंथरली म्हणजे.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला योगेश्वरीचा उत्सव बसतो आणि पौर्णिमेला त्याची सांगता होते. त्या दिवसांत देवळात आराध बसलेल्या बायकांची दाटी असते. परळीच्या वैजनाथाशी विवाह ठरला असता मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका आहे. तरीही कडेवर लेकरे घेतलेल्या बायका तिलाच आई म्हणून हाक मारतात, ही विसंगती लग्न होऊन या गावी आल्यापासून मला फार आवडत आलेली आहे. माझे गुडघे आता आराध बसू देत नाहीत. सकाळी दर्शन आटोपते आणि वाकळेपाशी येऊन बसते.

पहिले काम शिवण्याचे नसून उसवण्याचे असते. वर्षभरात विटलेली, विरलेली वस्त्रे धुऊन कडक उन्हात वाळवायची, गुंड्या आणि हुक काढून डबीत टाकायचे, सदऱ्याची कॉलर, परकराचा नेफा, पायजम्याची दुहेरी शिवण कापून वेगळी करायची. कारण पोटात एखादी जाड शिवण राहून गेली तर सुई नेमकी तेथेच अडते, आणि जोर केला तर मोडते. मग खाली एक मऊ सुती लुगडे पसरायचे, त्यावर धोतरे, चादरी, सदरे यांचे थर सांधे चुकवून मांडायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे, चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, हाती लागेल ते वजन ठेवायचे आणि तळहाताने सुरकुती मधून काठाकडे सारत न्यायची. लांब कच्चे टाके घालून थर बांधले की काठापासून धावदोरा सुरू होतो: चौकोनाच्या आत चौकोन, दोन ओळींत बोटभर अंतर. शिवणारी वाकळेवरच बसते आणि टाका घालीत घालीत स्वतःही आत आत सरकते.

मला हे शिकविले ते दर साली मदतीला येणाऱ्या मावशींनी. त्यांची दोन्ही मुले सुनांसह दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली आहेत आणि तीन नातवंडे मावशींपाशी आहेत. बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी अशीच जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फडात फेडायची, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामाच्या अंगावर. त्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मी आयुष्यात पुष्कळ फर्दी लिहिल्या, पण दोन माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजणारी फर्द माझ्या दप्तरात कधी आली नाही.

थकबाकीचा विषय निघाला की मला संतकवी दासोपंत आठवतात. त्यांची (१५५१–१६१५) पासोडी याच गावातली: सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाडजूड कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. परंतु माझे मन त्या कापडापेक्षा त्यांच्या बालपणीच्या कथेत अधिक गुंतते. वडील दिगंबरपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्य रयतेला वाटले, वसूल थकला, आणि त्या बाकीपोटी बेदरच्या बादशहाने पोराला ओलीस ठेवले. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाच्या महाराच्या रूपाने दत्ताने रक्कम भरून त्याला सोडविले. त्या मुलाने केलेला धावा कीर्तनकार रंगवून सांगतात. त्याच्या आईने, पार्वतीबाईंनी, ते दिवस चुलीपुढे कसे काढले, हे सांगणारा कीर्तनकार मला अद्याप भेटलेला नाही. मावशींना ही कथा सांगितली तेव्हा त्या सुईवरून नजर न काढता एवढेच म्हणाल्या, “पोराला ठिवून घेतलं व्हय? मंग त्या माउलीला घास गेला नसंल.”

या वर्षीची वाकळ लेकीसाठी आहे. आषाढात तिने कायमची नोकरी सोडली, मला विचारले नाही, आणि मी श्रावण-भाद्रपद असे दोन महिने तिच्याशी कामापुरतेच बोलले. व्रते सगळी पाळली. अबोलाही त्याच निष्ठेने पाळला. दिवाळीला ती आली आणि जाताना म्हणाली, “आई, मला एक वाकळ शिवून दे, तिकडे थंडी फार असते.” तिचा शाळेचा निळा गणवेश इतकी वर्षे मी पेटीत जपून ठेवला होता. तो यंदा उसवला.

चार ओळी झाल्यावर मावशींनी काठ उचलून पाहिला. कापड जागोजाग गोळा झाले होते.

“ताई, दोरा कामून इतका आवळता? आवळला की वाकळ आखडती. अंगावर पुरायची नाही पोरीच्या.”

मी चारी ओळी उसवल्या. जुन्या सुताला पडलेली छिद्रे मिटेनात, तेव्हा त्यांच्या शेजारून, दोरा नुसता टेकवीत, पुन्हा गेले. कचेरीत खाडाखोडीवर सही करावी लागे. येथे ती छिद्रेच राहतील, लेकीला दिसली तर दिसोत.

पौर्णिमेच्या सकाळी शेवटचा चौकोन वीतभर उरला होता. मावशींनी सुई माझ्यापुढे धरली. त्यांना आताशा नेढे दिसत नाही. मी दोरा ओवून दिला. त्यांनी एका बाजूला पडलेल्या चिंध्या चाचपून पाहिल्या, निळ्या कापडाचा एक तुकडा निराळा काढला आणि विचारले, “ह्यो उरलाय का? धाकल्याला फडावरच्या कोपीत अंथरायला एक लहान वाकळ करीन म्हणते, कोणी तिकडं जाणारं असलं तर धाडीन.”

मी पेटीतला गणवेशाचा दुसरा जोड आणायला उठले.