गेम तोच, भाव मात्र देशागणिक वेगळा!

रत्नागिरीचा हापूस लंडनमध्ये महाग का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेटी, विमान, दलाली असा खर्च चढत जातो. पण इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या व्हिडिओ गेमला ना पेटी लागते, ना विमान. तरीही त्याचा भाव सीमा ओलांडली की बदलतो. 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा चिनी गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी आला. अमेरिकेत किंमत ५९.९९ डॉलर, आणि मायदेशी २६८ युआन, म्हणजे जेमतेम ३७-३८ डॉलर. पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, आणि खेळणारे बहुतेक चिनीच होते.

यामागचं गणित सोपं आहे. गेम बनवायला अफाट पैसा लागतो, पण तो एकदा तयार झाला की पुढची प्रत जवळपास फुकट पडते. मग भाव ठरतो तो समोरच्याच्या खिशावरून. २०२४ मध्ये डॉलर बाजारात साधारण ८३ रुपयांना होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं सामान येतं, साधारण तेवढं भारतात २०-२४ रुपयांत येतं. त्यामुळे ६० डॉलरचा गेम बाजारभावाने पाच हजारांचा होतो आणि खऱ्या ऐपतीच्या हिशेबाने बाराशे ते साडेचौदाशेचा. गरीब देशात गेम स्वस्त विकला तर त्याला मी सवलत म्हणणार नाही. तो तिथला रास्त भाव आहे.

चोरबाजाराचं औषध

पण भाव रास्त लावूनही लोक विकत घेतील का? रशियात सगळे चोरूनच गेम खेळतात, तिथे दुकान मांडून उपयोग नाही, असं एके काळी या धंद्यात सर्रास म्हटलं जाई. 'स्टीम' हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांना ते पटलं नाही. रशियन भाषेतला गेम सहा-सहा महिने उशिरा आणणारेच ही तक्रार करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. गेम वेळेवर, लोकांच्या भाषेत आणि सोयीने मिळू लागला, तेव्हा रशिया ही स्टीमच्या युरोपातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाली.

सगळं जग अर्जेंटिनात राहायला गेलं

ही यातली सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट. स्टीमवर अर्जेंटिनासाठी पेसोत भाव लावलेले असत. पेसो इतक्या झपाट्याने घसरत गेला की डॉलरमध्ये पाहिलं तर कित्येक गेम कवडीमोल झाले. भाव रोज कोण बदलत बसणार? मग श्रीमंत देशांतल्या मंडळींनी व्हीपीएन लावून आपला पत्ता अर्जेंटिना किंवा तुर्कस्तानचा करून घेतला. जून २०२१ मध्ये स्टीमने नियम केला की देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल, आणि त्यासाठी पैसे त्या देशातल्याच कार्डाने किंवा खात्यातून भरावे लागतील. तरीही प्रश्न सुटला नाही. अखेर चलनाच्या चढउताराचं कारण देऊन २० नोव्हेंबर २०२३ पासून या दोन्ही देशांत पेसो आणि लिरा बंद झाले आणि डॉलरचे भाव लागू झाले. आसपासच्या प्रदेशासाठी ठरवलेले हे भाव अमेरिकेपेक्षा कमी होते, पण ब्वेनोस आयरेसमधल्या विद्यार्थ्याला काल परवडणारा गेम एका रात्रीत कित्येक पट महागला. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या सरकारने डॉलरचा अधिकृत दर सुमारे ३६६ पेसोंवरून ८०० वर नेला, म्हणजे त्याच्यावर दुसरा घाव बसला. कंपनीची अडचण मला समजते. पण ज्यांना पूर्ण भाव सहज परवडत होता, त्यांनी दुसऱ्याच्या ताटातला घास उचलला, हेही म्हटलं पाहिजे.

ब्राझीलची तऱ्हा निराळी. तिथे खेळ बिघडवतात ते कर. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ हा सोनीचा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळत होता. ब्राझीलमध्ये तो ३,९९९ रेआलला आला, म्हणजे त्या वेळचे १,८०० हून अधिक डॉलर! आयातशुल्क आणि करांमुळेच ही वेळ आल्याचा खुलासा सोनीला करावा लागला. करांना कंटाळून निन्टेन्डो या जपानी कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये तिथलं वितरणच थांबवलं. पण याच भिंतीच्या आड टेकटॉय ही देशी कंपनी बहरली. सेगा कंपनीचं 'मास्टर सिस्टिम' हे यंत्र ती ब्राझीलमध्येच बनवू लागली. जगाने ते यंत्र कधीच अडगळीत टाकलं, तरी ब्राझीलमध्ये ते पुढे कित्येक वर्षं विकलं जात होतं. 'वंडर बॉय'चा नायक काढून त्याच्या जागी मोनिका ही ब्राझिलियन चित्रकथांतली लाडकी मुलगी बसवलेला गेमही टेकटॉयने काढला.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात सॉफ्टवेअर आणि गेम अमेरिकेहून इतके महाग की त्या फरकाला लोक 'ऑस्ट्रेलिया टॅक्स' म्हणू लागले. २०१३ मध्ये तिथल्या संसदीय समितीने अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांना बोलावून जाब विचारला. जुन्या काळी तर युरोप आणि ऑस्ट्रेलियाला मिळणारा गेमच संथ असायचा. अमेरिका-जपानचे टीव्ही ६० हर्ट्झचे, यांचे ५० चे. त्यामुळे 'सॉनिक' नावाचा तो सुसाट हेजहॉग तिथे जवळपास १७ टक्के हळू धावे.

युरोपीय संघातला पेच मात्र खरा अवघड. पोलंड, हंगेरीसारख्या देशांत विकलेल्या गेमच्या 'की' (गेम सुरू करण्याचे सांकेतिक क्रमांक) इतर देशांत चालू नयेत अशी सोय केल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. एकाच बाजारपेठेत कुंपणं नकोत, हे तत्त्व बरोबरच आहे. पण कुंपण गेलं तर पोलंडचा भाव जर्मनीच्या भावाला जाऊन भिडायचा धोका उरतोच.

जपानने २०२५ मध्ये भाषेचंच कुंपण घातलं. निन्टेन्डो स्विच २ ची फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांची ६९,९८० येनला! येन घसरलेला असताना परदेशी ग्राहकांनी स्वस्त यंत्रं उचलून नेऊ नयेत, याची ही तजवीज.

आणि आपण?

२०१५ हे वर्ष भारतीय खेळाडूंना चांगलं गेलं. गुगल प्लेने अ‍ॅपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० वर आणली, आणि नोव्हेंबरात स्टीमवर रुपयात भाव दिसू लागले. कन्सोलवाल्यांच्या वाट्याला मात्र हे सुख आलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा सोनीचे मोठे गेम अमेरिकेत ६९.९९ डॉलरला आणि इथे ४,९९९ रुपयांना होते. त्या वेळच्या दराने फरक अवघा शंभरेक रुपयांचा! पगार भारतातला आणि भाव अमेरिकेचा, हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून कन्सोल घेणार असाल, तर काही हजार रुपये जास्त पडले तरी डिस्कवाला घ्या. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. डिजिटल प्रत तुमच्या खात्यातच अडकून राहते.