लोकवर्तन आणि शासनाचे उत्तरदायित्व

पावसाळा सुरू होताच मावळचे रूप पालटते. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते आणि सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून पर्यटकांचा लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी या धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथील इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला; चौघे मृत्युमुखी पडले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता.

फलक असूनही पाऊल पुढे का पडते? माणूस अक्षरांपेक्षा पुढे चालणाऱ्याच्या पाठीकडे अधिक पाहतो. वर्तनाच्या या रीतीचा लोकहितासाठी उपयोग करावा, असा विचार रिचर्ड थेलर व कॅस सनस्टीन यांनी २००८ साली 'नज' या नावाने मांडला. नज म्हणजे कोपराने हलकेच सुचविणे. सक्ती नाही, दंड नाही. मांडणीच अशी करावयाची की योग्य निवड सहज घडावी. वाहनतळ धोक्याच्या जागेपासून दूर ठेवणे, पायवाट सुरक्षित काठाकडे वळविणे, हे उपाय याच जातीचे.

परंतु लोकांच्या नकळत त्यांचे वर्तन वळविण्याचा अधिकार शासनास आहे काय? ज्या उपायाचे कारण ग्रामसभेत उघडपणे सांगता येईल, तेवढाच उपाय योजावा, ही मर्यादा उचित ठरेल. स्वच्छता मोहिमेतील 'गुड मॉर्निंग' पथके पहाटे उघड्यावर शौचास जाणाऱ्यांना गाठून लज्जित करीत. घरी शौचालयासाठी जागा वा पाणी नसलेल्याच्या बाबतीत हे सुचविणे नव्हते, ती अप्रतिष्ठा होती.

जेथे प्राणाशीच गाठ आहे, तेथे सौम्य सूचनेपेक्षा स्पष्ट मनाई अधिक प्रामाणिक होय. मनाईच्या आदेशावर दिनांक असतो, सही असते. त्याविरुद्ध दाद मागता येते. फलकाचे तसे नाही. तो लावला की कर्तव्य संपले, असा समज कार्यालयात सहज रुजतो आणि दोष वाचणाऱ्याच्या माथी जातो. धोकादायक पुलाच्या दोन्ही तोंडांशी पक्का अडसरच हवा. मात्र पर्यटक तेथून माघारी फिरू शकतो. पैलतीरी ज्याचे शेत आहे, त्याला नवा पूलच लागतो.